फ्लॉसनंतर दुखणाऱ्या हिरड्या आणि कॉक्रेनचा चौथा आठवडा

दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं म्हणून मी रोज रात्री फ्लॉस करायला लागलो. दुसऱ्याच दिवशी बेसिनमध्ये रक्त. चौथ्या दिवशी खालच्या दाढांमधली हिरडी इतकी ठणकायला लागली की मी मेसमध्ये एकाच बाजूने चावत होतो. रूममेटचा सल्ला तयार होता: "सोड रे, फ्लॉसचा उपयोग होतो हे सिद्धच झालेलं नाहीये."

हे वाक्य कुठून आलं ते मला माहीत होतं. २०१६ च्या ऑगस्टमध्ये असोसिएटेड प्रेसने फ्लॉसमागचा पुरावा कमकुवत असल्याची बातमी दिली, आणि ती जगभर फिरली. फिरता फिरता 'पुरावा कमकुवत आहे' याचं 'उपयोग नाही' झालं. पुरावा नसणं आणि परिणाम नसणं यातला फरक आपल्याला पहिल्या सेमिस्टरला शिकवतात. परीक्षेनंतर तो आपण विसरतो. पण माझा प्रश्न त्याहून साधा होता: हे दुखणं किती दिवस चालणार?

म्हणून २०१९ चा कॉक्रेन रिव्ह्यू उघडला, वर्दिंग्टन आणि सहकाऱ्यांचा. ब्रशच्या जोडीला घरी दातांच्या फटी साफ करण्याची साधनं किती उपयोगी पडतात, हा विषय. एकूण ३५ चाचण्या, ३९२९ माणसं. काम प्रामाणिक आहे, यात वाद नाही. ब्रशसोबत फ्लॉस केल्याने महिन्याभरात हिरड्यांची सूज कमी होऊ शकते, असं ते म्हणतात. आकडा उणे ०.५८, आणि ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल उणे १.१२ ते उणे ०.०४. तो वरचा टोकाचा आकडा बघा, शून्याला जवळजवळ टेकलाय. शिवाय हा स्टँडर्डाइज्ड मीन डिफरन्स आहे, म्हणजे याला एकक नाही. 'माझी हिरडी किती सुधारेल' याचं उत्तर त्यातून थेट निघत नाही. लेखकांनी स्वतःच खात्रीची पातळी 'लो' ठेवली आहे. रक्त येणाऱ्या जागांचे आकडे तर एकमेकांशी जुळतच नाहीत, तिथे खात्री 'व्हेरी लो'.

इथपर्यंत माझी तक्रार नाही. तक्रार पुढे आहे. चाचणी निवडायची अट होती किमान चार आठवडे. अट योग्यच, कारण त्याआधीची सुधारणा टिकते की नाही हे कळत नाही. पण माणूस फ्लॉस सोडतो तो कधी? पहिल्या दहा-पंधरा दिवसांत. माझं सगळं दुखणं, रक्त आणि 'सोडून द्यावं का' हा विचार पहिल्या मोजणीच्या आधीच घडून गेलेला असतो. रिव्ह्यूत लिहिलंय की ज्या काही चाचण्यांनी दुष्परिणाम नोंदवले, त्यांत गंभीर काही आढळलं नाही, आणि हिरडीला होणाऱ्या किरकोळ त्रासात गटागटांत फरक असल्याचा पुरावा नाही. वाचून बरं वाटतं. पण 'ज्या काहींनी नोंदवले' हे शब्द पुन्हा वाचा. नोंद ठेवलीच नसेल तर फरक दिसणार कुठून?

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. लेखक सांगतात की बहुतेक चाचण्यांतल्या लोकांच्या हिरड्यांना सुरुवातीला सूज कमीच होती. म्हणजे ज्यांना फ्लॉस लावताच रक्त येतं, ती माणसं या आकड्यांत थोडी. आधीच बऱ्या असलेल्या हिरडीत सुधारायला जागा तरी किती? रिव्ह्यूतला परिणाम छोटा दिसण्यामागे हेही एक कारण असू शकतं. माझ्यासारख्याला तो आकडा जसाच्या तसा लागू करणं चुकीचं आहे, मग तो उपयोगाच्या बाजूने वापरा की विरोधात.

माझ्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळ गेला तो १९६५ चा पेपर. डेन्मार्कमधल्या आऱ्हूसचे हॅराल्ड लोए आणि सहकारी. फक्त १२ माणसं, बहुतेक दंतवैद्यकीचे विद्यार्थी. त्यांना दात घासणं बंद करायला लावलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. मग पुन्हा सफाई सुरू केली, आणि साधारण आठवड्यात हिरड्या पूर्ववत झाल्या. वेगळा कंट्रोल गट नाही, पण तेच तोंड आधी, मध्ये आणि नंतर तपासलं. १२ चा आकडा बघून नाक मुरडू नका. कारण काढलं की परिणाम जातो, हे ३९२९ च्या सरासरीपेक्षा इथे स्वच्छ दिसतं. अर्थात ती सूज ताजी होती आणि माझी कित्येक वर्षांची, त्यामुळे तो 'आठवडा' मला लागू होईलच असं नाही. आणि त्यातही दुखण्याची रोजची नोंद नाहीच.

तंत्र समजलं की निम्मी भीती जाते. फटीत साचलेल्या जिवाणूंच्या थरामुळे हिरडी आतून सुजते, रक्तवाहिन्या फुगतात, वरचं आवरण नाजूक होतं. दोरा फक्त स्पर्श करतो, रक्त आधीच्या सुजेमुळे येतं. हे रक्त आणि दुखणं दिवसागणिक कमी व्हायला हवं. पण दोरा खटकन खाली ओढला तर तो हिरडी खरोखर कापतो, आणि ती जखम एकाच जागी, रोज नव्याने दुखते. ही दोन दुखणी वेगळी आहेत, आणि गटाची सरासरी काढली की दोन्ही एकाच आकड्यात विरघळतात.

माझं रक्त नवव्या दिवशी थांबलं. एक जागा मात्र दुखतच राहिली. डॉक्टरांना दाखवली तर त्यांनी माझ्या हातात दोरा देऊन "करून दाखवा" म्हटलं, आणि मी करतोय ते बघून हसले. दोरा करवतीसारखा हळू आत न्यायचा, मग दाताला कमानीसारखा टेकवून वर-खाली करायचा. मी सरळ खाली दाबत होतो. चाचण्यांतल्या किती जणांना कुणी असं समोर बसवून बघितलं असेल?

जर्नल क्लबला हा रिव्ह्यू घेणार असाल, तर फॉरेस्ट प्लॉटवर जाण्याआधी पहिल्या २८ दिवसांत प्रत्येक चाचणीने काय मोजलं, एवढाच एक तक्ता करून बघा. आणि चाचणी अर्धवट सोडलेल्यांचा रकाना त्यात नक्की ठेवा. माझ्यासारखे, एका बाजूने चावणारे, तिथेच सापडण्याची शक्यता जास्त.