फाजल अली अहवाल : कर्तव्य कोणाचे, अधिकार कोणाचा?

राज्यशास्त्राच्या वर्गात राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल बहुधा नकाशापुरताच शिकविला जातो. अध्यक्ष न्यायमूर्ती सय्यद फाजल अली, सदस्य पंडित हृदयनाथ कुंझरू व सरदार के. एम. पणिक्कर, १९५५ साली अहवाल, १६ राज्यांची शिफारस, १९५६ च्या कायद्याने प्रत्यक्षात १४ राज्ये. एवढी टिपणे झाली की विषय संपतो. भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाविषयीचे प्रकरण मात्र सहसा वाचले जात नाही. वास्तविक केंद्र व राज्य यांच्यातील सत्तावाटपाची खरी कसोटी तेथेच लागते.

अहवालाचे मोठेपण प्रथम मान्य केले पाहिजे. ‘एक भाषा, एक राज्य’ हे सूत्र आयोगाने सिद्धान्त म्हणून स्वीकारले नाही. सीमा कशाही आखल्या तरी प्रत्येक राज्यात अन्य भाषिक राहणारच, हे त्याने स्पष्टपणे ओळखले. फाळणीच्या जखमा ताज्या असताना हा समतोल राखणे सोपे नव्हते.

अडचण उपायांपाशी सुरू होते. ज्या जिल्ह्यात राज्यातील अल्पसंख्याक भाषिक गट ७० टक्के किंवा त्याहून अधिक असेल, तेथे त्याची भाषा कारभाराची भाषा व्हावी, असा निकष पुढे आला. हे माप एकवटलेल्या समाजासाठी आहे. उर्दू भाषिकांची वस्ती बिदर, कलबुर्गी, विजयपूर, बेळगाव अशा शहरांतून विखुरलेली. त्यांना हा निकष लाभणे जवळपास अशक्य. सीमाभागातील मराठी भाषिक काही तालुक्यांत दाट, पण जिल्ह्याच्या बेरजेत विरळ होतात. चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातून वेगळा काढला गेला, म्हणजे जिल्ह्याची चौकट अभेद्य नव्हती. तरीही संरक्षणाच्या प्रश्नात जिल्हाच प्रमाण मानला गेला. केंद्र सरकारच्या १९५६ च्या निवेदनात नगरपालिका व तालुका पातळीवर १५ ते २० टक्क्यांचा विचार झाला खरा; परंतु तो मुख्यतः सूचना व नियम प्रसिद्ध करण्यापुरता.

दुसरा प्रश्न अंमलबजावणीचा. आयोगाने त्यासाठी राज्यपालांचा उपयोग करून घेण्याचे सुचविले. संसदेतील चर्चेनंतर तो मार्ग सोडण्यात आला, आणि ते योग्यच झाले. केंद्राने नेमलेल्या राज्यपालाकडे असे काम गेले असते, तर निवडून आलेल्या मंत्रिमंडळाशी त्याचा नित्य खटका उडाला असता. त्याऐवजी १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५०-अ व ३५०-ब आले. पहिल्यानुसार प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करावा. राष्ट्रपती त्याबाबत निर्देश देऊ शकतात. दुसऱ्यानुसार विशेष अधिकारी चौकशी करून राष्ट्रपतींना अहवाल देतो व तो संसदेपुढे ठेवला जातो. हा अधिकारी तक्रार नोंदवू शकतो, शिक्षक नेमू शकत नाही.

त्या काळी शिक्षण हा राज्यसूचीतील विषय होता. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने तो समवर्ती सूचीत गेला. कायदे करण्याचा केंद्राचा अधिकार वाढला. मात्र प्राथमिक शाळेतील पदे, नेमणुका, इमारती यांचा भार मुख्यत्वे राज्याच्याच तिजोरीवर राहिला. अशा रीतीने ग्वाही दिल्लीची आणि चाव्या राज्याच्या राजधानीत, अशी विभागणी झाली. उर्दू किंवा मराठी शाळेत शिक्षकाची जागा रिकामी राहिली तर दाद कोणाकडे मागावी, याचे नेमके उत्तर या रचनेत सापडत नाही.

याच्या शेजारी कलम ३० ठेवून पाहावे. धर्म किंवा भाषा यांवर आधारित अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा मूलभूत हक्क तेथे आहे. त्यासाठी न्यायालयात जाता येते. ३५०-अ मध्ये मात्र शब्द आहे ‘प्रयत्न’. समाजाने पदरमोड करून शाळा काढली तर घटना भक्कमपणे पाठीशी उभी राहते. सरकारी शाळेची अपेक्षा धरली तर तिचा आवाज मवाळ होतो. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कर्नाटकाच्या भाषाधोरणासंबंधी निकाल देताना मातृभाषा कोणती हे पालकांनी ठरवावे, राज्याने माध्यम लादू नये, असे सांगितले. निवडीचे स्वातंत्र्य त्याने राखले. पण निवडलेल्या माध्यमाची शाळा गावात नसेल तर ते स्वातंत्र्य कागदावरच राहते. वर्गणी जमविणाऱ्या वस्तीला ते परवडते, मोलमजुरी करणाऱ्या वस्तीला नाही.

आयोगाला दोष द्यायचा तो हेतूचा नव्हे. संघराज्यात अधिकार कोणत्या सूचीत आहे एवढे पाहून भागत नाही. कर्तव्य, पैसा आणि उत्तरदायित्व एकाच हाती आहेत का, हेही पाहावे लागते. फाजल अली अहवालाने पहिला प्रश्न उत्तम हाताळला, दुसरा अर्ध्यावर सोडला. वर्गात नकाशाबरोबर हे अर्धे राहिलेले प्रकरणही उघडले गेले, तर ‘संघराज्य’ या शब्दाचा आपल्या गावच्या शाळेशी काय संबंध, हे विद्यार्थ्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.