'जोगता' आणि 'पारलिंगी' : लिंगभावविषयक संज्ञांच्या अर्थाचा प्रश्न

मराठी साहित्याच्या अध्यापनात 'तृतीयपंथी', 'हिजडा', 'जोगता' आणि अलीकडची 'पारलिंगी' या संज्ञा पुष्कळदा समानार्थी म्हणून वापरल्या जातात. त्या तशा नाहीत आणि त्यांच्या सरमिसळीमुळे कलाकृतीचा अर्थच बदलतो, हे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

'लिंग' या एकाच शब्दावर मराठीत व्याकरण, शरीर आणि सामाजिक ओळख असा तिहेरी भार आहे. 'लिंगभाव' ही संज्ञा रूढ झाल्यावर शरीर व सामाजिक घडण यांतील भेद दाखविणे शक्य झाले. तरीही 'मी गेलो' वा 'मी गेले' म्हणताना बोलणाऱ्यास आपली ओळख क्रियापदातूनच सांगावी लागते.

'तृतीयपंथी' या शब्दातील पंथ हा स्वीकारला किंवा सोडला जाऊ शकतो. म्हणून लिंगभाव ही निवड न मानणाऱ्यांना तो अपुरा वाटतो. 'हिजडा' हा शब्द शिवीसारखा वापरला जात असला, तरी ते गुरू-चेला परंपरा असलेल्या समुदायाचे नाव आहे. लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांनी 'मी हिजडा... मी लक्ष्मी!' या आत्मकथनाच्या शीर्षकातच तो स्वीकारला.

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी 'नालसा' खटल्यात स्वतःची लिंगओळख ठरविण्याचा व्यक्तीचा अधिकार मान्य केला. २०१९ मध्ये संमत झालेल्या अधिनियमाच्या व्याख्येत मात्र किन्नर, हिजडा, अरवाणी यांच्याबरोबर 'जोगता'ही समाविष्ट झाला. मतभेदाचे मूळ येथे आहे. जोगता म्हणजे यल्लम्मा-रेणुकेला सोडलेला पुरुष. त्याचे स्थान विधीतून येते. माहूरची रेणुका आणि तुळजापूरची भवानी यांच्या परिसरातील वाचकास देवीभक्तीचे हे जग परके नाही; परंतु आपल्याकडचा आराधी म्हणजे जोगता नव्हे, हेही तो जाणतो.

राजन गवस यांच्या 'चौंडकं' व 'भंडारभोग' या कादंबऱ्यांचा आणि चारुता सागर यांच्या 'दर्शन' या कथेचा आधार घेतलेल्या 'जोगवा' (२००९) या चित्रपटातील तायप्पा येथे कसोटीचा ठरतो. त्याच्यावर साडी लादली जाते. त्याचे मन मात्र पुरुषाचेच राहते आणि सुलीवरील प्रेमातून ते व्यक्त होते. अधिनियमाच्या यादीनुसार तो पारलिंगी. स्वनिर्णयाच्या तत्त्वानुसार तो पुरुष. त्यास 'पारलिंगी नायक' म्हणणारी समीक्षा त्याच्यावरील सक्तीलाच त्याची ओळख ठरविते.

याउलट, जोगतेपणात एखाद्यास आपल्या स्त्रीत्वाला आसरा मिळाला असेल, तर तेथे 'पारलिंगी' ही संज्ञा अन्यायकारक ठरणार नाही. म्हणजेच 'जोगता' हे विधीने दिलेले स्थान, तर 'पारलिंगी' ही आत्मबोधाची संज्ञा होय. कायद्याला संरक्षणासाठी व्यापक छत्र लागते; समीक्षेला भेद लागतो. आपल्या वर्गात स्वतःसाठी शब्द शोधणारा विद्यार्थी बसलेला असू शकतो, हे ध्यानी घेता हा काटेकोरपणा केवळ पारिभाषिक राहत नाही. पात्र स्वतःस काय म्हणते, हे आधी ऐकावे आणि संज्ञा नंतर योजावी, हाच येथे अभ्यासकाचा मार्ग असावा.