क्ष-किरणांना न दिसणारा गुडघा

‘क्ष-किरणांनी हाडे दिसतात’ असे आपण वर्गात सांगतो, हाताच्या पंजाचे चित्र दाखवतो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो. हे विधान खोटे नाही, पण अपुरे आहे. चित्रात जे नाही ते शरीरातही नाही, अशी समजूत त्यातून रुजते. अलीकडे तिच्या जोडीला दुसरी समजूत आली आहे : एमआरआय काढला की सगळे कळते. या दोन्ही समजुती पारखून घ्यायला गुडघ्याच्या अस्थिभंगाचे उदाहरण फार उपयोगी आहे.

नडगीच्या हाडाचे वरचे रुंद टोक मांडीच्या हाडाचा भार पेलते. वाहनाच्या धडकेत किंवा उंचावरून पडल्यावर ते चिरते अथवा खचते. परंतु गुडघा म्हणजे नुसती हाडे नव्हेत. दोन हाडांच्या मध्ये अर्धचंद्राच्या आकाराच्या दोन कूर्चेच्या गाद्या असतात आणि चार मुख्य अस्थिबंध या हाडांना बांधून ठेवतात. हाड खचवणारा जोर या मऊ ऊतींनाही इजा करू शकतो. क्ष-किरणांच्या साध्या चित्रात मात्र ती इजा थेट दिसत नाही. हाडात कॅल्शियम (अणुक्रमांक २०) व फॉस्फरस (१५) असतात. मऊ ऊती मुख्यतः हायड्रोजन, कार्बन, नायट्रोजन व ऑक्सिजन या हलक्या मूलद्रव्यांच्या बनलेल्या असतात. अणुक्रमांक वाढला की क्ष-किरणांचे शोषण झपाट्याने वाढते. अस्थिबंध, स्नायू आणि रक्त यांच्या शोषणात फारसा फरक नसल्याने त्यांच्या छाया एकमेकींत मिसळून जातात.

तरीही जाणकाराला साधे चित्र बरेच काही सांगते. हाड सांध्याच्या आत मोडले तर मज्जेतील चरबी रक्ताबरोबर सांध्यात उतरते आणि हलकी असल्याने रक्तावर तरंगते. रुग्णाला निजवून किरण आडवे सोडले, तर या दोन थरांमधील सरळ रेषा चित्रात उमटते. हाडातली भेग दिसत नसली तरी ही रेषा तिची चाहूल देते. वर्गात काचेच्या भांड्यात रंगीत पाणी व तेल घेऊन ते बाजूने आणि मग वरून पाहायला सांगावे. सीमारेषा बाजूनेच का दिसते, हे मुलांना आपोआप कळेल. दुसरे उदाहरण पॉल सेगाँ या फ्रेंच शल्यचिकित्सकाचे. नडगीच्या बाहेरच्या कडेवरून सुटणाऱ्या हाडाच्या लहानशा कपचीचे वर्णन त्यांनी १८७९ साली, म्हणजे क्ष-किरणांच्या शोधाच्या १६ वर्षे आधी केले. आज ही कपची चित्रात दिसली, की गुडघ्यातील पुढचा अस्थिबंध तुटला असल्याचा दाट संशय घेतात.

एमआरआयचा प्रश्नच निराळा असतो. तेथे चुंबकीय क्षेत्रातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांचा, मुख्यतः पाण्यातील व चरबीतील, प्रतिसाद मोजला जातो. धडधाकट अस्थिबंध काळा दिसतो. तो फाटून तेथे द्रव शिरला, की योग्य पद्धतीने घेतलेल्या प्रतिमेत ती जागा उजळते. मायकेल गार्डनर व सहकाऱ्यांनी २००५ साली नडगीच्या वरच्या टोकाच्या १०३ अस्थिभंगांच्या एमआरआय प्रतिमांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मऊ ऊतींना काहीच इजा नाही असा रुग्ण एकच निघाला. ९४ जणांच्या बाहेरच्या गादीत दोष होता, तर ७९ जणांचा किमान एक अस्थिबंध पूर्ण तुटला किंवा हाडापासून उखडला होता.

आकडे थक्क करणारे आहेत आणि म्हणूनच ते सावधपणे वाचले पाहिजेत. हे सारे रुग्ण शस्त्रक्रिया लागेल इतक्या गंभीर अस्थिभंगाचे होते. ‘गुडघ्याचे हाड मोडलेल्या शंभरातील नव्व्याण्णवांना अशी इजा असते’ असा सरसकट निष्कर्ष त्यावरून निघत नाही. शिवाय ही संख्या प्रतिमेत दिसलेल्या इजांची आहे. ताज्या अस्थिभंगाभोवती रक्त व सूज असते आणि तीही प्रतिमेत उजळते. त्यामुळे वाचनात चूक होऊ शकते.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे : दिसलेल्या प्रत्येक इजेवर उपचार हवाच का? मार्टिन एंग्लुंड व सहकाऱ्यांनी २००८ साली अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील ५० ते ९० वर्षे वयाच्या ९९१ सामान्य नागरिकांच्या गुडघ्यांचा एमआरआय अभ्यास मांडला. गादी फाटलेली आढळलेल्यांपैकी ६१ टक्के लोकांना आदल्या महिन्यात त्या गुडघ्यात वेदना किंवा ताठरपणा काहीच जाणवला नव्हता. हे लोक अपघातग्रस्त नव्हते, म्हणून हा निष्कर्ष अस्थिभंगाच्या रुग्णांना जसाच्या तसा लावता येणार नाही. पण ‘दिसले म्हणजे दुखण्याचे कारण सापडले’ हे समीकरण त्याने नक्कीच डळमळीत होते. वयस्क रुग्णाच्या गादीतील फाट अपघाताच्या आधीचीही असू शकते. म्हणून प्रतिमेबरोबर गुडघा हाताने तपासणे आणि रुग्णाची हकीकत ऐकणे आजही आवश्यक ठरते.

या पार्श्वभूमीवर आपल्या शिकवण्यात एक बदल सुचवावासा वाटतो. कोणतीही वैद्यकीय प्रतिमा दाखवताना ‘काय दिसते?’ एवढेच न विचारता तीन प्रश्न विचारावेत. या साधनाने पदार्थाचा कोणता गुणधर्म मोजला? तो गुणधर्म सारखाच असल्यामुळे कोणत्या गोष्टी एकमेकींत मिसळून गेल्या? आणि जे दिसले ते रुग्णाच्या त्रासाशी जुळते का? उद्या घरातील कोणी पडून गुडघा सुजला आणि ‘हाड शाबूत आहे’ असे सांगितले गेले, तर ‘मग अस्थिबंधांचे काय?’ असे डॉक्टरांना नम्रपणे विचारण्याइतके विज्ञान आपल्या विद्यार्थ्यापाशी असायला हवे.