द्वीपके वेगळी करण्याची रीत आणि तिची कसोटी

पॉल लेसी व मेरी कोस्तियानोव्स्की ह्यांचा, पांढऱ्या उंदराच्या स्वादुपिंडातून लांगरहान्स द्वीपके अखंड स्वरूपात वेगळी करण्याच्या रीतीवरील निबंध १९६७ साली ‘डायबेटिस’ ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मधुमेहाच्या संशोधनात ह्या निबंधाचा उल्लेख इतक्यांदा होतो, की तो मुळातून वाचण्याची गरज आता फारशी कोणास भासत नाही. एक उपयुक्त कृती म्हणून त्याची ख्याती आहे. त्याचे खरे मोल मात्र कृतीत जितके आहे, त्याहून अधिक त्यात नमूद केलेल्या एका अपयशात आहे.

अडचण मुळात अशी, की द्वीपके स्वादुपिंडाच्या एकूण वजनाच्या शेकडा एक-दोन भागांहून अधिक नसतात. उरलेले सारे ऊतक पाचक रस स्रवणारे. पाउल लांगरहान्सने १८६९ मध्ये ह्या पेशीपुंजांचे वर्णन केले, त्यानंतर जवळजवळ शतकभर संशोधकांना ते छेदांमध्ये पाहता आले, पण हाती धरता आले नाहीत. स्वीडनमध्ये हेलरस्ट्रॉमने १९६४ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली सुईच्या टोकाने एकेक द्वीपक कोरून काढण्याची रीत सांगितली. ती निर्मळ खरी, परंतु अत्यंत वेळखाऊ. पुढल्याच वर्षी मोस्कालेव्स्कीने गिनीपिगच्या स्वादुपिंडावर कोलॅजिनेज हे एंझाइम वापरले व संयोजी ऊतक विरघळवून द्वीपके मोकळी केली. लेसी व कोस्तियानोव्स्की ह्यांनी त्यात मोलाची भर घातली, ती अशी: पित्तनलिकेच्या वाटे क्षारद्रव दाबाने सोडून ग्रंथी आधी फुगवावयाची, म्हणजे पाचक ऊतकाची वीण उसवते, मग तिचे तुकडे करून ते ३७ अंश सेल्सियस तापमानास कोलॅजिनेजमध्ये हलवावयाचे.

येथवर सर्व सुरळीत आहे. प्रश्न उद्भवतो तो पुढे, मोकळी झालेली द्वीपके गाळापासून निवडण्याच्या वेळी. लेखकद्वयाने दोन मार्ग चोखाळले. एक, विच्छेदन-सूक्ष्मदर्शकाखाली हाताने वेचणे. दुसरा, साखरेच्या द्रावणांची घनतेनुसार उतरंड रचून केंद्रोत्सारण करणे. दुसरा मार्ग झटपट व अधिक द्वीपके देणारा. पण ह्या मार्गाने मिळालेल्या द्वीपकांनी ग्लुकोज वाढविल्यावर इन्शुलिनचा स्राव वाढविला नाही. हाताने वेचलेल्यांनी मात्र वाढविला. हे त्यांनी लपविले नाही. आपल्याच सोयीच्या मार्गाविरुद्ध असा निवाडा देणारे निबंध विरळा.

ह्या निवाड्यात एक तत्त्व दडलेले आहे. संख्या व शुद्धता ह्यांवरून द्वीपक जिवंत आहे इतकेही ठरत नाही, मग ते कार्यक्षम आहे हे कोठून ठरणार! साखरेचे दाट द्रावण पेशीतील पाणी ओढून घेते, आणि बाहेरून धड दिसणारे द्वीपक मुके होते. १९६९ मध्ये लिंडाल व त्याच्या सहकाऱ्यांनी साखरेऐवजी फायकॉल वापरले. त्याचे रेणू मोठे असल्यामुळे घनता वाढते, पण पाणी ओढले जात नाही. ही सुधारणा सुचण्यास साखरेचे अपयश छापले जाणे आवश्यक होते.

ह्याच्या उलट, पुढील कित्येक निबंधांत रीतीचे वर्णन एका ओळीत उरकलेले आढळते: ‘द्वीपके कोलॅजिनेजने वेगळी केली.’ ही ओळ फसवी आहे. बाजारात कोलॅजिनेज ह्या नावाने मिळणारी चूर्णे क्लॉस्ट्रिडियम हिस्टोलिटिकम ह्या जंतूपासून काढलेली असून त्यांत इतर प्रथिनभेदी एंझाइमेही असतात. गंमत अशी, की ही भेसळ पूर्णपणे काढून टाकली तर काम नीट होत नाही, आणि ती प्रमाणाबाहेर असली तर द्वीपकाची कडा झिजते. उंदराच्या द्वीपकात बीटा पेशी मध्यभागी व अल्फा पेशी कडेला असतात. म्हणून अतिपचन झाले की पहिला घाला अल्फा पेशींवर पडतो. अशा द्वीपकांवरून ग्लुकागॉनविषयी काढलेले निष्कर्ष किती विश्वसनीय मानावे? प्रत्येक खेपेच्या चूर्णाचा गुण वेगळा असतो, हे प्रयोगशाळेतील नवशिक्या मदतनिसासही ठाऊक असते. निबंधात मात्र खेपेचा क्रमांक क्वचितच सापडतो. १९८५ मध्ये गोतोह व सहकाऱ्यांनी छोट्या उंदरात कोलॅजिनेज थेट नलिकेतूनच आत सोडण्याची सुधारणा केली. तिने उत्पन्न वाढले. चूर्णाच्या लहरीपणाचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

मोजमापाचीही तीच तऱ्हा. १५० मायक्रॉन व्यासाचे द्वीपक एकक धरून आकारमानाची बेरीज देण्याचा प्रघात पडला आहे. तो तुलनेस सोयीचा आहे, पण द्वीपके काम करतात की नाही हे त्यातून कळत नाही. द्रवात इन्शुलिन आढळले एवढ्यावरही समाधान मानता येत नाही, कारण फुटलेल्या पेशीतूनही इन्शुलिन बाहेर पडते. म्हणूनच कमी व अधिक ग्लुकोज अशा दोन्ही स्थितींतील स्राव स्वतंत्रपणे द्यावयास हवा. नुसते गुणोत्तर छापल्यास गळणाऱ्या द्वीपकांचा दोष निकृष्ट प्रतिसाद म्हणून, तर अतिशय कमी मूळ स्रावाचा योगायोग उत्तम प्रतिसाद म्हणून वाचला जातो.

उंदराच्या द्वीपकांवरून मानवाविषयी अनुमान काढताना आणखी एक अडसर येतो. मानवी द्वीपकात अल्फा व बीटा पेशी अशा गाभा-कडा पद्धतीने विभागलेल्या नसून बऱ्याच अंशी मिसळलेल्या असतात. शिवाय ग्रंथीतून काढताच द्वीपकाचा रक्तप्रवाह व मज्जातंतू तुटतात, आणि पचनाचा आघात ओसरावा म्हणून ते बहुधा रात्रभर संवर्धनद्रवात ठेवले जाते. त्या रात्री कोणत्या पेशी सावरल्या व कोणत्या गळून गेल्या, ह्याची नोंद ठेवणारे निबंध थोडे आहेत. लेसी व कोस्तियानोव्स्की ह्यांनी हाताने वेचलेली द्वीपके इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीही तपासली होती, आणि ती तपासणी स्रावाच्या मापनाशेजारीच मांडली होती.