सावरकर वाचताना गाळलेली पानं

पामला आमच्या घरी काकांच्या कपाटात पोथ्यांशेजारी सावरकरांचं ‘हिंदुत्व’ असतं. पूजा झाल्याशिवाय काका चहाही घेत नाहीत. गेल्या गणपतीत मी त्यांना मोबाइलवर सावरकरांचा गाईवरचा निबंध वाचून दाखवला. गाय उपयुक्त पशू आहे म्हणून ती नीट पाळा, पण पशूला देव मानणं माणसाला कमीपणा आणतं, असा त्यातला युक्तिवाद. काका शांतपणे म्हणाले, “अरे, ते त्यांचं वैयक्तिक मत. राजकारणावरचं लिखाण बघ.”

ही वाटणी मला पटत नाही. हे निबंध सावरकरांनी १९३०च्या दशकात ‘किर्लोस्कर’सारख्या लोकप्रिय मासिकातून, समाज बदलावा म्हणूनच लिहिले. ‘मनुष्याचा देव आणि विश्वाचा देव’ या निबंधात ते सांगतात, की विश्वाचे नियम माणसाच्या भल्यासाठी चालत नाहीत, मग नवसाला पावणारा देव कुठून येणार? त्यांना नास्तिक म्हणायचं की अज्ञेयवादी, यावर वाद घालता येईल. पण १९६६ साली त्यांच्या इच्छेप्रमाणे विद्युतदाहिनीत अंत्यसंस्कार झाले. त्यांचं मत कागदावरच राहिलं नव्हतं.

माझे ऑफिसातले नास्तिक मित्रही पानं गाळतातच. गाईचा निबंध फॉरवर्ड करतात, ‘हिंदुत्व’ उघडत नाहीत. आपल्याला हवे तेवढे सावरकर दोघांकडेही आहेत.

खरी अडचण ‘हिंदुत्व’मध्येच आहे. १९२३च्या या पुस्तकात हिंदू कोण, याची व्याख्या आहे: ज्याची पितृभू आणि पुण्यभू दोन्ही भारत आहे, तो. पोथी, पूजा, देव यांची अट नाही, त्यामुळे नास्तिकही हिंदू ठरू शकतो. वाचताना हे मोकळं वाटतं. पण इथेच जन्मलेला, पितृभू हीच असलेला मुसलमान किंवा ख्रिस्ती बाहेर राहतो, कारण त्याची पवित्र स्थळं दुसरीकडे आहेत आणि म्हणून त्याची निष्ठा विभागलेली आहे, असं सावरकर धरून चालतात.

म्हणजे गाईबद्दल बोलताना जो लेखक पावित्र्याला उपयुक्ततेच्या कसोटीवर घासतो, तोच नागरिकांची वर्गवारी करताना पावित्र्यालाच कसोटी बनवतो. स्वतःच्या लोकांची श्रद्धा तपासायची, शेजाऱ्याची श्रद्धा मात्र न तपासता त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरायची. एखादा नियम एका ठिकाणी लावून दुसरीकडे गाळला, तर माझ्या कोड रिव्ह्यूत तो पहिल्यांदा पकडला जाईल.

आस्तिकानं नास्तिकाचं लिखाण आवडीनं वाचावं, यात मला काहीच गैर वाटत नाही. उलट, आपल्या श्रद्धेला टोचणारा माणूस काकांनी पोथ्यांशेजारी ठेवलाय, याचं मला कौतुक आहे. पण त्यांनी गाळलेली पानं ही त्यांच्या आवडत्या पुस्तकावरची सगळ्यात चांगली टीका आहे, आणि ती सावरकरांनीच लिहिलीय.

निघताना मी काकांना विचारलं, “ज्याला पुण्याचा हिशेब मान्य नाही, त्यानं पुण्यभू का घातली असेल?”

काका म्हणाले, “तो निबंध मोठ्या अक्षरांत छापून आण. मोबाइलवर दिसत नाही मला.”