तिकिटातलं स्वराज्य आणि शेंदरी बुरूज



आपल्या या पानांवर कवितासंग्रहांची, नाटकांची, क्वचित एखाद्या सिनेमाची चिकित्सा येते. मी आज एका बागेवर लिहितो आहे. हसू नका. पुण्याला आंबेगावात जी ‘शिवसृष्टी’ उभी राहते आहे ती साहित्यकृतीच आहे. कागदावर नाही, २१ एकरांवर लिहिलेली, एवढाच फरक. तिचा वाचक बायकापोरांसकट तिकीट काढून आत शिरतो. पुस्तक नाही पटलं तर मिटून ठेवता येतं. इथं तुम्हीच पुस्तकाच्या आत असता. म्हणून हिची समीक्षा जास्त कडक पाहिजे. पण आपण एकतर हार घालतो, नाहीतर मोर्चा काढतो. मधलं काही करतच नाही.

या बागेचं मूळ रंगमंचावर आहे. बाबासाहेब पुरंदऱ्यांनी १९८५ साली ‘जाणता राजा’ नावाचं महानाट्य आणलं. हत्ती, घोडे, उंट, मशाली, शेकडो माणसं. नाटकातलं माणूस-माणसाचं भांडण बाजूला ठेवून त्याची मिरवणूक करून टाकली. लोक प्रेक्षक म्हणून गेले आणि प्रजा होऊन बाहेर आले. त्या मिरवणुकीला कायमचं घर म्हणजे ही शिवसृष्टी. पुरंदरे १५ नोव्हेंबर २०२१ ला वारले. बागेचा पहिला टप्पा, ‘सरकारवाडा’, १९ फेब्रुवारी २०२३ ला केंद्रीय गृहमंत्री अमित शहांच्या हस्ते उघडला. दुसरा २०२५ च्या शिवजयंतीला मुख्यमंत्री फडणविसांच्या हस्ते. राजा कोणाच्या हस्ते उघडतो हे बघत जा. समीक्षेचा निम्मा मसाला उद्घाटनाच्या कोनशिलेवरच कोरलेला असतो.

मी यवतमाळचा, पाटीपुऱ्यातला. सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आहे. १ जानेवारीला कोरेगावला मानवंदनेला गेलो, परतीची गाडी दुसऱ्या रात्रीची होती, आणि सोबतच्या भाच्यानं हट्ट धरला, मामा, किल्ला पाहाचा. गेलो. किल्ल्यांचं दालन, हत्यारांचं दालन, आग्र्याहून सुटका, राज्याभिषेक. खोटं कशाला बोलू, आग्र्याच्या वेळी माझ्याही अंगावर काटा आला. पोट्टं तर माझं मनगट सोडत नव्हतं. ज्यांनी हे बांधलं त्यांना कारागिरी येते. आपल्यातले काही जण न पाहताच ‘भिकार आहे’ म्हणून मोकळे होतात. तसं नाही बाप्पा. भिकार असतं तर लिहायची गरजच नव्हती.

आता मुद्दा. या जातीच्या बागा (डेरवणला, चिपळूण तालुक्यात, पुतळ्यांची शिवसृष्टी कधीपासून आहे) खोटं बोलतात असा आपल्या लोकांचा मुख्य आरोप असतो. दादोजी कोंडदेव गुरू होते की नव्हते, रामदास भेटले की नाही. डिसेंबर २०१० मध्ये पुण्याच्या लाल महालातून दादोजींचा पुतळा रातोरात हलवला. २०१५ ला पुरंदऱ्यांच्या ‘महाराष्ट्रभूषण’वरून रान पेटलं. भांडण खरं होतं, नाही म्हणत नाही. पण ते घोड्याच्या शेजारी कोण उभं राहायचं याचं भांडण होतं. घोड्याला गवत कोणी कापलं हे त्या भांडणात कोणीच विचारलं नाही. माझी तक्रार खोट्याबद्दल नाहीच. निवडीबद्दल आहे. असल्या बागेत जे बघता येतं तेच आत येतं: उडी, तलवार, सुटका, सिंहासन. आणि ज्यातून आजच्या कुणावर काही देणं लागू होतं, ते बाहेर राहतं.

उदाहरण देतो. ५ सप्टेंबर १६७६ चं महाराजांचं एक पत्र आहे, प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला. त्याचा मतलब असा: गावोगाव फिर, कुणब्यांना गोळा कर. ज्याच्या अंगात कसायची ताकद आहे पण बैल नाही, दाणा नाही, त्याला बैलजोडीला रोख दे, पोटाला धान्य दे. वसूल करायचं ते फक्त मुद्दल, व्याज नाही, तेही त्याला झेपेल तसं हळूहळू. त्यापायी दोन लाख लारीपर्यंत खर्च झाला तरी चालेल. असंच एक पत्र चिपळुणाकडच्या लष्कराच्या छावणीला, १६७३-७४ च्या सुमाराचं: पैसे मोजून बाजारातून आणा, रयतेच्या भाजीच्या काडीलाही हात लावू नका.

मी यवतमाळचा माणूस आहे. माझ्या मुलखात हे पत्र वाचणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. १९ मार्च १९८६ ला आमच्या महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्यानं बायको आणि चार लेकरांसह जीव दिला. महाराष्ट्रातली नोंदलेली पहिली शेतकरी आत्महत्या म्हणतात तिला. १९ मार्चला अजून लोक उपास धरतात. तारखा शेजारी ठेवून पाहा. १९८५ ला ‘जाणता राजा’चे हत्ती-घोडे रंगमंचावर आले, १९८६ ला चिलगव्हाण. रयतेचा राजा गाजत होता, रयत मरत होती. मी असं म्हणत नाही की एकामुळं दुसरं झालं. मी म्हणतो की रामाजी अनंताच्या पत्राचं महानाट्य कुणाला करावंसं वाटलं नाही. बिनव्याजी बैलजोडीला मशाल कशी लावणार? आणि ते पत्र भिंतभर मोठं करून लावलं तर उद्घाटनाला येणाऱ्या मंत्र्याला त्याच्याखाली उभं राहून फोटो काढावा लागेल. आमच्या गिरणीत रुई येते ती याच रानातली. बोंडाला भाव किती आणि व्याज किती हे ब्लोरूममधल्या हमालालाही तोंडपाठ आहे.

आमच्या बाजूला महाराज आलेही होते. १६७० च्या अखेरीस, कारंज्याला. आमच्या दारव्ह्यापासून लांब नाही. श्रीमंत पेठ लुटली, हजारो जनावरांवर माल लादून नेला. वऱ्हाडातल्या पोराला महाराज पाहायचे तर सह्याद्री पाहावा लागतो. स्वतःच्या मुलखातली ही एक भेट तशीच पडून आहे, कारण ती सोयीची नाही. लुटीत कापड होतं. ते कुणी विणलं, पिंजलं कुणी, हे मला लगेच सुचतं. गिरणीतल्या माणसाची खोड म्हणा.

आता जातीचं. या आख्यानात खालच्या जातीचा माणूस नाही असं नाही. आहे. प्रतापगडावर जिवा महाला आहे, ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’. पन्हाळ्याला शिवा काशीद आहे, महाराजांचं सोंग घेऊन मेला. आग्र्याच्या दंतकथेत मदारी मेहतर आहे, समकालीन कागदात त्याला आधार मिळत नाही तरी गोष्टीत तो पक्का बसलेला. काय करतो तो? पाय चेपतो. आणि ज्याचे पाय चेपतो तो राजासुद्धा नाही, राजाच्या जागी पांघरूण घेऊन निजलेला हिरोजी. दंतकथेनं मेहतराला जागा दिली ती ही. आपल्या माणसाला या कथेत शिरायला एकच दार ठेवलंय: वाचव, नाहीतर मर. ते मरून आत गेले, आपण तिकीट काढून.

राज्याभिषेकाचं तर विचारूच नका. ६ जून १६७४. सोनं, छत्र, पाऊस पडावा तशी फुलं. पण या राज्याभिषेकाच्या आधी एक वाद झाला. हा माणूस क्षत्रिय नाही, शूद्र आहे, याला अभिषेक कसा, असं इथल्या ब्राह्मणांनी म्हटलं, आणि काशीहून गागाभट्ट आणावा लागला. बाबासाहेबांनी १९४६ च्या ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या ग्रंथात या प्रकरणाची उलटतपासणी केली आहे. वकिलासारखी, कागद समोर ठेवून. पुढं २४ सप्टेंबरला निश्चलपुरी गोसाव्याच्या हातून दुसरा, तांत्रिक अभिषेक झाला. एका माणसाला दोन वेळा राजा व्हावं लागलं! मला विचाराल तर सगळ्या शिवचरित्रातलं सर्वांत थरारक नाट्य हेच आहे, आग्र्याहूनही मोठं. एवढे किल्ले घेतलेला माणूस जानव्यापाशी अडतो. पण सोहळ्याला देखावा असतो, वादाला नसतो. जोतिबांनी १८६९ साली पवाडा रचला तो असल्या दडलेल्या गोष्टींसाठी. कॉम्रेड गोविंद पानसऱ्यांनी ‘शिवाजी कोण होता?’ ही लहानशी पुस्तिका लिहिली. २०१५ च्या फेब्रुवारीत त्यांना गोळ्या घातल्या. पुस्तिका अजून खपते आहे.

हे आपल्याकडंच आहे असं समजू नका. फ्रान्समध्ये वांदे नावाच्या भागात ‘पुई दु फू’ म्हणून अशीच एक बाग आहे. आधी १९७८ ला रात्रीचं महानाट्य, गावकरीच फुकट नट होऊन. मग १९८९ ला बाग. सरदार, घोडे, पडका गढीवजा वाडा. काढणारा फिलीप द व्हिलिए, उजव्या राजकारणातला गडी. १९८९ म्हणजे फ्रेंच क्रांतीची दोनशे वर्षं. आणि त्या मुलखाची लाडकी कथा कोणती, तर १७९३ ला शेतकरी क्रांतीविरुद्ध उठले, राजा आणि चर्च यांच्या बाजूनं. शेतकऱ्याची पोरं शेतकऱ्याचंच सोंग घेऊन रात्री राजासाठी मरतात आणि सकाळी कामाला जातात. बाबासाहेब म्हणत की स्वातंत्र्य, समता, बंधुता मी फ्रेंच क्रांतीतून नाही, माझ्या गुरूकडून, बुद्धाकडून घेतली. बरंच झालं. तिकडं तर घरातच तिच्यावर तिकीट लावून माती टाकतायत.

इथवर तुम्ही माना डोलावल्या असतील. आता आपल्याकडं येतो.

आपल्यातही हल्ली मागणी आहे, त्यांची शिवसृष्टी तर आपली भीमसृष्टी. पिंपरीत बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी शिल्पांची एक झालीही. माझा विरोध नाही. पण आपल्याही दंतकथा आहेत, आणि त्या आत घेताना आपण काय निवडतो? अमृतनाकाची घ्या. बेदरच्या बादशहाची बेगम सोडवून आणली, बक्षीस म्हणून महारांना बावन्न हक्क मिळाले. छाती फुगते ऐकून. पण ते हक्क काय होते? मेलेलं ढोर, उरलेलं अन्न, बलुत्याचा घास. त्या ‘हक्कां’ची वतनदारी तोडायला १९२८ ला मुंबईच्या कौन्सिलात बिल मांडावं लागलं, बाबासाहेबांनाच, आणि ती वतनं कायद्यानं गेली १९५८ ला. अमृतनाकाचा देखावा करायचा तर शेवटी हे बिल ठेवणार आहात का? मंगळवेढ्याला दामाजीपंतांची कथा आहे, विठ्ठल विठू महार झाला. देव महार झाला, महार काय झाला? त्याच मंगळवेढ्यात १३३८ ला वेठीनं गावकुसाचं काम करताना भिंत कोसळली आणि चोखोबा गाडला गेला. भिंत बांधणारा भिंतीखाली. देवळाच्या पायरीशी समाधी.

दंतकथा म्हणजे करमणूक नव्हे, एवढं तरी आपल्याला कळायला हवं. डिसेंबर २०१७ च्या अखेरीस वढू बुद्रुकला गोविंद गोपाळ महारांच्या समाधीवरून, तिथल्या फलकावरून तंटा झाला. संभाजीराजांचे अंत्यसंस्कार कुणी केले, हे एका फलकावर लिहायचं की नाही. चार दिवसांत, १ जानेवारी २०१८ ला, कोरेगावच्या रस्त्यावर दगड पडले. गोष्टीत आपलं नाव येतं तेव्हा असं होतं.

म्हणून मला एक दंतकथा या बागांच्या समोर ठेवायची आहे. १८८५ च्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरात ती छापली आहे. आता मोबाइलवर मिळतं, रातपाळीच्या सुट्टीत वाचलं. पुरंदरचा शेंदरी बुरूज. शिवाजीच्या किती तरी आधीची गोष्ट. बांधत होते आणि ढासळत होता. मग सांगणं झालं की ज्येष्ठ मुलगा आणि त्याची बायको जिवंत गाडल्याशिवाय उभा राहणार नाही. बहिरनाक नावाच्या माणसानं आपला मुलगा नाथनाक आणि सून देवकाई दिली. पायात गाडली. बुरूज उभा राहिला. बापाला इनाम मिळालं.

मी बुरूज पाहिलेला नाही. खरं-खोटं मला ठरवायचंही नाही. दंतकथा ही घडल्याचा दाखला नसते, पण खर्च कुणाच्या खात्यावर मांडायचा हे त्या काळाला कसं ठाऊक होतं, त्याचा दाखला असते. इतर दंतकथांत आपण राजाकडं बघत असतो. हिच्यात राजा दिसतच नाही, दगड आणि दोन नावं दिसतात. आणि ‘नाक’ हे जे शेवटी लागलंय ते कोरेगावच्या स्तंभावरही आहे, नावामागून नाव. एकीकडं पायात, एकीकडं माथ्यावर.

किल्ल्यांचं दालन करणाऱ्याला माझा सवाल साधा आहे. आमची भीमसृष्टी करणाऱ्यालाही तोच. शेंदरी बुरूज करा. दिवे कुठून सोडणार, बाहेरून की आतून? पोरं घेऊन आलेली आई त्याच्यासमोर किती वेळ उभी राहील? तिला पाय हलवायला सांगणारा शिपाई ठेवणार का?

बुरुजात, तळ्याच्या बांधात, वाड्याच्या पायात माणूस दिल्याच्या कथा आपल्या गावोगाव आहेत. म्हाताऱ्या माणसांकडं आहेत. ज्या दोस्ताला आपल्या गावची माहीत असेल त्यानं ऐकली तशी, त्यांच्याच बोलीत, लिहून पाठवावी. गाव, तालुका आणि गाडलेल्यांची नावं विसरू नयेत. पत्ता अंकाच्या पाठीवर आहे.