फोटो नसलेलं गाणं

नागावला आमच्या मामाच्या वाडीत केबल आली ती माडावरून माडावर उड्या मारत. वायर ओढणाऱ्याने खांबांचा खर्च वाचवला होता. वारा सुटला की माड डोलायचे, माड डोलले की वायर ताणली जायची आणि पडद्यावरची नटी नाचता नाचता मुंग्यांत नाहीशी व्हायची. गाणं मात्र खरखरत चालू राहायचं. मामी म्हणायची, "बरं झालं बाई! आता नीट ऐकू येईल."

संगीत-वाहिन्यांवर याहून नेमकी टीका मी आजवर वाचलेली नाही.

या धंद्याचा मोठा मुहूर्त झाला तो १ ऑगस्ट १९८१ रोजी, अमेरिकेत. एमटीव्ही सुरू झाली, पण मॅनहटनमध्ये ती दिसतच नव्हती! म्हणून चालकमंडळी उद्‌घाटन पाहायला नदी ओलांडून न्यू जर्सीत गेली. मुंबईतल्या शाखेचं उद्‌घाटन पाहायला मॅनेजरने भाऊच्या धक्क्यावर लाँच पकडून रेवसला यावं, तशातला प्रकार. तिजोरीत चित्रफिती मोजक्याच, त्यामुळे त्याच त्या फिरून फिरून दाखवायच्या. त्याही रेकॉर्ड कंपन्यांनी जाहिरात म्हणून फुकट दिलेल्या. मी कॉमर्सचा पदवीधर, मला हे लगेच समजलं. पैसा दुसऱ्याचा, व्याज शून्य. याला आम्ही चालू खातं म्हणतो. शेवटी १९८२ मध्ये त्यांनी प्रेक्षकांनाच सांगितलं, 'केबलवाल्याला फोन करा आणि आमची वाहिनी मागा.' लोकांनी केलेही! आमच्या बँकेतही लोक फोन करतात, पण मागणीचा सूर वेगळा असतो.

मराठी गाण्यांना वाहिलेली '९एक्स झकास' आली २०११ मध्ये, म्हणजे तीस वर्षांनी. आता आपल्याकडे गाण्यांचा तुटवडा होता का? छे! तुटवडा होता चित्रांचा. मराठी माणसाची गाण्यातली शिल्लक बरीचशी रेडिओच्या खात्यात. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर गदिमा आणि सुधीर फडके यांचं 'गीतरामायण' सुरू झालं; वर्षभरात छप्पन्न गाणी, आणि पाहायला काय, तर रेडिओची जाळी. तरी प्रत्येक घराला आपापला राम दिसला. भावगीतांचंही तेच. पण वाहिनीला लागते चित्रफीत. म्हणजे सिनेमातलं सुमार गाणं नाचत नाचत आत, आणि घराघरांतलं भावगीत दारात उभं. का? तर फोटो नाही! मी हे काउंटरवर रोज करतो. समोर वीस वर्षांच्या ओळखीचे आजोबा उभे असतात आणि मी म्हणतो, "केवायसी अपुरी आहे, फोटो आणा."

तेव्हा वाहिनीवाल्यांना कुठल्या तोंडाने बोलू? मात्र ज्या गाण्याला चित्र नाही ते पुढच्या पिढीला 'नव्हतंच' वाटेल, ही धास्ती खरी आहे. माझ्या मुलीला मी एक जुनं भावगीत ऐकवलं, तर ती म्हणाली, "बाबा, याचा व्हिडिओ दाखवा ना."

गेल्या पावसाळ्यात नागावला वीज गेली. ओटीवर मामी अंधारातच सुपारी सोलत गुणगुणत होती. मुलगी हळूच तिच्याजवळ सरकली. थोड्या वेळाने मी विचारलं, "काय गं, झोप आली?"

"गप्प बसा ना, बाबा," ती डोळे मिटूनच म्हणाली, "दिसतंय मला."